हजेरीसाठी चेहरा: आधी फसलेल्या फोटोंचा फोल्डर उघडा

पत्र असं आहे:

"आमच्या कंपनीत चारशे माणसं आहेत आणि मी संगणक विभाग सांभाळतो. कार्डावरची हजेरी बंद करून चेहरा ओळखणारं यंत्र बसवायचं असं वरून ठरलंय, कारण लोक एकमेकांची कार्डं दाखवतात. चाचणीसाठी एक यंत्र पंधरा दिवसांपासून दारावर लावलेलंही आहे. विक्रेता म्हणतो, 'आम्ही फोटो साठवतच नाही, फक्त आकडे साठवतो, त्यामुळे खासगीपणाचा प्रश्नच येत नाही.' साहेब म्हणतात, 'सगळे आपापले फोन चेहऱ्यानेच उघडतात, मग इथेच काय झालं?' हिशेब विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मात्र चेहरा द्यायला साफ नकार दिलाय, आणि त्यांना समजावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. खरं सांगायचं तर मला त्यांचंच म्हणणं पटतं, पण का पटतं ते साहेबांना सांगता येत नाही. यंत्र बसवायचंच असेल तर सुरक्षित कसं बसवू?
– दारात अडकलेला"

नमस्कार.

बाईंना समजावायला जाऊ नका. निदान आत्ता नको. तुमच्या पत्रात तीन माणसं बोलतायत आणि त्यांत प्रश्न नेमका समजलेल्या त्या एकट्याच दिसतात. तेव्हा आधी बाकीच्या दोघांकडे बघू.

विक्रेत्याचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रासदायक. यंत्र चेहरा पाहतं आणि त्यातून आकड्यांची एक माळ तयार करतं. या माळेला धंद्यात टेम्प्लेट म्हणतात. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीत ती १२८ आकड्यांची होती. हल्लीच्या अनेक प्रणालींत ५१२ आकडे असतात. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या माळा एकमेकींच्या जवळ येतात, वेगळ्या माणसांच्या लांब पडतात. किती जवळ आलं की 'हा तोच' म्हणायचं, ती रेघ कोणीतरी माणसाने आखून दिलेली असते. तेव्हा 'आकडे साठवतो' हे खरंच आहे. पण त्या आकड्यांचं एकमेव काम माणूस ओळखणं हेच आहे. ओळख पटवण्यासाठीच बनवलेल्या वस्तूने ओळख उघड होत नाही, असं म्हणणारा एकतर भोळा असतो किंवा विक्री विभागात असतो.

थोडं खोलात विचारलंत की विक्रेता म्हणेल, 'आमचं सगळं हॅश केलेलं असतं, पासवर्डसारखं.' इथे त्याला थांबवा. हॅश म्हणजे मजकुराचं असं रूपांतर, ज्यावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. पासवर्डचा हॅश चालतो, कारण पासवर्ड दर वेळी अक्षर न् अक्षर तोच असतो. एक अक्षर बदललं की हॅश पार वेगळा. चेहरा मात्र रोज बदलतो: आज चष्मा, उद्या वाढलेली दाढी, परवा दारातला उजेड वेगळा. रोजची माळ कालच्यापेक्षा जराशी निराळी येते आणि जुळणी 'जवळपास'वर चालते. साधा हॅश केला तर हा जवळपासपणाच नाहीसा होतो आणि यंत्र कोणालाच ओळखणार नाही. म्हणजे तुलना करताना ती माळ कुठेतरी तुलना करण्याजोग्या रूपात असणारच. ती नेमकी कुठे असते आणि कोणाच्या हातात, हा प्रश्न लिहून विचारा आणि उत्तरही लिहूनच घ्या.

आकड्यांवरून चेहरा परत काढता येतो का? बऱ्याच अंशी येतो. २०१५ मध्येच फ्रेड्रिक्सन, झा आणि रिस्टेनपार्ट यांनी चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमला, नुसते प्रश्न विचारत जाऊन, माणसाचं फक्त नाव हाताशी असताना ओळखू येण्याइतका चेहरा पुन्हा उभा करून दाखवला होता. पुढे थेट टेम्प्लेटवरून चेहरा रचण्याचे प्रयोगही यशस्वी झाले. पण चोराला एवढा खटाटोप करायची गरजच नाही. तेच सॉफ्टवेअर वापरून तो कोणाच्याही सार्वजनिक फोटोची माळ बनवील आणि चोरलेल्या माळांशी ताडून बघेल.

आणि मग? पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, कार्ड हरवलं तर दुसरं देता येतं. चारशे चेहरे फुटले तर तुम्ही त्या चारशे लोकांना काय देणार आहात? ही कल्पनेतली भीती नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बायोस्टार २ या दारं उघडणाऱ्या प्रणालीचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा पडलेला सुरक्षा संशोधकांना सापडला. दहा लाखांहून जास्त लोकांचे बोटांचे ठसे, चेहऱ्यांची माहिती आणि जोडीला साध्या अक्षरांत वाचता येतील असे पासवर्ड त्यात असल्याचं त्यांनी सांगितलं. ही प्रणाली सुरक्षेसाठीच विकली जात होती, हे साहेबांना जरूर सांगा.

आता साहेबांचा फोन. त्यांचा मुद्दा चांगला आहे, फक्त तो त्यांच्या विरुद्ध जातो. ॲपलने २०१७ मध्ये फेस आयडी आणलं. त्यात समोरच्या चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अदृश्य ठिपके पाडून चेहऱ्याच्या उंच-सखलपणाचा नकाशा घेतला जातो, त्याची माळ फोनमधल्याच एका वेगळ्या चिपभागात कुलूपबंद राहते आणि कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. पाच वेळा जुळलं नाही की फोन मुकाट्याने पासकोड मागतो. फोन एकच प्रश्न विचारतो: समोर माझा मालक आहे का? तुमच्या दारावरचं यंत्र विचारतं: चारशेपैकी हा कोण? ऐकायला सारखेच वाटतात, पण पहिल्या प्रश्नाला एकच माळ पुरते आणि ती मालकाच्या खिशात असते. दुसऱ्याला चारशे माळांचा ढीग लागतो आणि तो ढीग कंपनीकडे असतो.

या फरकाचं गणितही साहेबांना आवडेल. समजा यंत्र इतकं चांगलं आहे की एका तुलनेत चुकून जुळण्याची शक्यता दहा हजारांत एकच. एकास एक तपासलं तर बाहेरचा माणूस आत घुसण्याची शक्यता तेवढीच, दहा हजारांत एक. पण तोच माणूस चारशे माळांशी ताडला गेला की कोणा ना कोणाशी चुकून जुळण्याची शक्यता शंभरात जवळपास चारवर जाते. कंपनी वाढून चार हजारांची झाली तर ती तीनांत एक होते. यंत्र तेच, रेघ तीच, फक्त ढीग मोठा. मग विक्रेता रेघ कडक करून देतो, आणि त्यानंतर खरे कर्मचारी दारात ताटकळत उभे राहतात.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा. चेहरा वापरायचाच असेल तर कार्ड फेकू नका, दोन्ही जोडा. प्रत्येकाची माळ त्याच्याच कार्डावरच्या चिपमध्ये ठेवा. माणूस कार्ड टेकवतो, यंत्र कार्डावरची माळ वाचतं, समोरच्या चेहऱ्याशी एकदा ताडतं, हो किंवा नाही म्हणतं आणि दोन्ही विसरतं. कंपनीच्या सर्व्हरवर जातो तो फक्त कार्डाचा नंबर आणि वेळ, म्हणजे आज जे जातं तेच. साहेबांची मूळ तक्रार होती की लोक दुसऱ्याचं कार्ड दाखवतात. ती इथे बऱ्याच अंशी मिटते. ५१२ आकड्यांची माळ साधारण दोन किलोबाइटांत बसते, त्यामुळे जागेची अडचण नाही. मात्र तुमची आत्ताची कार्डं नुसता नंबर सांगणारी असतील तर ती बदलून चिपवाली घ्यावी लागतील. माळेवर कंपनीची डिजिटल सहीही हवी, नाहीतर कोणीतरी हुशार माणूस मित्राच्या कार्डावर स्वतःचा चेहरा लिहून ठेवील. नोंदणी त्या माणसासमोर करा आणि मूळ फोटो त्याच्या डोळ्यांदेखत पुसा. फ्रान्सच्या डेटा संरक्षण आयोगाने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या बायोमेट्रिक प्रवेशासाठी नियमावली केली, तीतही माळ माणसाच्या स्वतःच्या ताब्यात असणं हाच पसंतीचा प्रकार आहे.

विक्रेता यावर नाक मुरडेल. त्याला सर्व्हर विकायचा असतो आणि दर महिन्याची वर्गणी हवी असते.

समजा साहेब अडूनच बसले आणि मध्यवर्ती साठाच ठेवायचा ठरला. मग एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी माहिती कुलूपबंद करण्याची सोय, आहे का हे विचारून भागत नाही, ते सगळ्यांकडे असतं. किल्ली कुठे आहे हे विचारा. माळा आणि किल्ली एकाच सर्व्हरवर असतील तर कुलपालाच किल्ली अडकवून ठेवल्यासारखं आहे. किल्ली वेगळ्या, त्याच कामासाठी बनवलेल्या उपकरणात हवी आणि ती कोणी, कधी वापरली याची नोंद हवी. माळा आणि नावं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. भिंतीवरचं यंत्रच कोणी उपटून नेलं तर आतून काय मिळेल, हेही विचारा. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाय का, त्याच्या पाठीमागची यूएसबीची जागा बंद आहे का, हेही. आयएसओ २४७४५ हे मानक टेम्प्लेटकडून तीन गुण मागतं: त्यावरून चेहरा उलगडू नये, दोन ठिकाणच्या टेम्प्लेटचा एकमेकांशी संबंध जोडता येऊ नये आणि चोरी झालीच तर जुनं रद्द करून त्याच चेहऱ्याचं नवं काढता यावं. हे नाव घेतल्यावर विक्रेत्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते बघा. ते ओळखायला यंत्र लागत नाही.

आता माझा स्वतःचा एक किस्सा, कारण मी हे सगळं पुस्तकातून शिकलेले नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका दाराच्या प्रणालीची तपासणी करायला गेले होते. जागेचं नाव घेत नाही. माळा एन्क्रिप्ट केलेल्या, किल्ल्या वेगळ्या, कागदपत्रं देखणी. संध्याकाळी निघताना सहज डिस्कवर जागा कशाने भरलीय ते पाहिलं तर एका फोल्डरमध्ये हजारो फोटो. जुळणी फसली की दोष शोधता यावा म्हणून प्रोग्रॅमरने तो फोटो साठवायची सोय केली होती आणि नंतर ती बंद करायला सगळेच विसरले होते. तीन वर्षांचे, उघडे, तारीख-वेळेसकट. त्यात नोंदणी झालेले कर्मचारी कमीच होते, कारण त्यांची जुळणी होत असे. होते ते पाहुणे, सामान पोचवणारे, डबा द्यायला आलेल्या कोणाची तरी लहान मुलगी. ज्यांनी कधी हो म्हटलंच नव्हतं, अशांचाच साठा सगळ्यात मोठा. 'आम्ही फोटो साठवत नाही' हे वाक्य तिथल्या माणसानेही मला सकाळीच ऐकवलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं.

म्हणून मी विक्रेत्याच्या शब्दापेक्षा डिस्कवर जास्त विश्वास ठेवते. लॉग, बॅकअप, चाचणीच्या प्रती, दुरुस्तीसाठी विक्रेत्याकडे पाठवलेलं जुनं यंत्र: माहिती फुटते ती बहुधा अशा आडजागांतून. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या बाबतीत हेच घडलं. त्यांच्या एका उपकंत्राटदाराने प्रवाशांचे फोटो परवानगी नसताना आपल्या नेटवर्कवर उतरवून घेतले. २०१९ मध्ये त्याच्यावर सायबर हल्ला झाला, सुमारे १,८४,००० फोटो धोक्यात आले आणि त्यांतले काही डार्क वेबवर पोचले. विभागाच्या स्वतःच्या भिंती शाबूत असून उपयोग झाला नाही. तेव्हा करारात लिहून घ्या की आमच्या लोकांचे चेहरे तुमच्याकडे जाणार नाहीत, तुमचं मॉडेल शिकवायला वापरले जाणार नाहीत आणि कंत्राट संपलं की पुसल्याचा पुरावा मिळेल. 'मॉडेल शिकवायला' हे शब्द गाळू नका. एव्हरअल्बम नावाच्या फोटो ॲपच्या प्रकरणात २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नुसते फोटो पुसायला सांगितले नाहीत, त्यांवरून तयार झालेली मॉडेलंही नष्ट करायला लावली. चेहरा एकदा मॉडेलमध्ये मुरला की फोटो पुसून तो निघत नाही.

पुसायची तारीखही आधीच ठरवा. माणूस नोकरी सोडेल त्या दिवशी त्याची माळ जावी आणि बॅकअपमधून किती दिवसांत जाईल तेही लिहिलेलं असावं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा २००८ चा कायदा ही मुदत जाहीर धोरणात लिहायला सांगतो. हेतू संपला की, किंवा शेवटच्या संबंधानंतर फार तर तीन वर्षांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. मला तीन वर्षं फार वाटतात. हजेरीच्या कामाला एक दिवससुद्धा पुष्कळ झाला.

फोटो दाखवून यंत्र फसवता येतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चाचणीत करून बघा. सहकाऱ्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून यंत्रापुढे धरा, मग त्याचा व्हिडिओ धरा, मग चांगल्या कागदावर छापून धरा. दार उघडलं तर विक्रेत्याशी पुढचं बोलणंच संपलं. समोर जिवंत माणूस आहे की त्याचं चित्र, हे ओळखण्याच्या चाचणीसाठी आयएसओ ३०१०७ हे मानक आहे; त्यानुसार स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासल्याचा अहवाल मागा.

चाचणीच्या काळात दारात कोण अडकतं, याचीही नोंद ठेवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये ९९ विकासकांच्या १८९ अल्गोरिदमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकास एक तुलनेत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांच्या मानाने काही अल्गोरिदमांत दहापट, तर काहींत शंभरपट होती. अल्गोरिदमागणिक फरक मोठा होता, म्हणून 'आमचं नव्याण्णव टक्के अचूक' या वाक्याला अर्थ नाही. कोणाच्या चेहऱ्यांवर अचूक? तुमच्या चारशे माणसांवर काय होतं, ते तुम्हालाच बघावं लागेल. रोज तीच दोन माणसं अडकत असतील तर चारचौघांत होणारा तो अपमान 'तांत्रिक त्रुटी' म्हणून झटकू नका.

माहितीपत्रकात कर्मचाऱ्यांचा 'मूड' ओळखायची सोय दिसली तर ती बंद नको, काढूनच टाकायला सांगा. कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद सोडून, बंदीच घातली आहे.

आता बाई.

साहेब म्हणतील, सगळ्यांकडून संमतीपत्रावर सह्या घेऊ. पण ज्याच्या हातात पगार आहे त्याने पुढे केलेल्या कागदावरची सही ही संमती असते का? स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ इथल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून घेऊन पाहिली होती. पालकांची संमती होती. तरीही तिथल्या डेटा प्राधिकरणाने २०१९ मध्ये दोन लाख क्रोनरचा दंड केला, कारण शाळा आणि विद्यार्थी यांच्या ताकदीत इतकी तफावत असताना ती संमती मोकळेपणाने दिलेली धरता येत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्को लेझर या कंपनीला दोन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी चेहरा आणि बोटाचे ठसे वापरणं थांबवायला सांगितलं. कारण साधं होतं: खासगीपणात कमी ढवळाढवळ करणारे कार्डासारखे मार्ग असताना हेच का लागतं, ते कंपनीला दाखवता आलं नाही आणि कर्मचाऱ्यांना नकाराची खरी वाटही दिलेली नव्हती. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, तो वकिलाला विचारा. पण हे दोन प्रश्न साहेबांना कायद्याशिवायही विचारता येतात. गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्याचं कार्ड दाखवण्याचे किती प्रकार पकडले? पाच असतील, तर त्या पाच जणांशी बोलणं चारशे चेहरे गोळा करण्यापेक्षा सोपं नाही का?

माझं खरं मत विचाराल तर तुमच्याकडे चेहऱ्याची गरजच नसावी. पण निर्णय तुमच्या हातात नाही हे मला कळतं. तेव्हा निदान एवढं मिळवा: कार्डाचीच वाट नकार देणाऱ्यासाठी खुली राहील, त्याच दारात, त्याच रांगेत, वर कोणाला कारण विचारलं जाणार नाही. अपघातात जखम झालेल्याला, जुळ्या भावंडांना आणि यंत्र ज्यांना ओळखतच नाही त्यांनाही ही वाट लागणारच आहे, म्हणजे ती काही फक्त बाईंसाठी करावी लागत नाही. मग त्यांच्याकडे जा, पण समजवायला नव्हे. त्यांना विचारा की त्यांना नेमकं काय खटकलं. हिशेबातल्या माणसांना प्रत कुठे कुठे जाते हे विचारायची सवय असते आणि विक्रेत्याच्या करारावर नजर टाकायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस तुम्हाला कंपनीत मिळणार नाही.

चाचणीचं यंत्र पंधरा दिवस दारावर आहे म्हणालात. त्याच्यासमोरून गेलेल्या सगळ्यांनाच काही विचारलेलं नसणार. साहेबांशी बैठक होईल तेव्हा होईल. आज संध्याकाळी त्या यंत्राची डिस्क उघडा आणि फसलेल्या जुळण्यांचे फोटो कुठे पडतायत ते शोधा. किती आहेत ते मोजा, तो आकडा साहेबांसाठी लिहून ठेवा, विक्रेत्याकडून साठवणुकीची ती सोय बंद करून घ्या आणि मग ते सगळे पुसा. आकडा मलाही कळवा.